उलट्या सुकाणूची जॉयस्टिक

माझ्या दुकानात काउंटरच्या मागे एक खण आहे, तो कुणी उघडायचा नाही. दुकान कम्प्युटर दुरुस्तीचं. वीस-बावीस वर्षं मी ते चालवते आहे आणि या खणातली एकही वस्तू विकलेली नाही. त्यात गेम खेळायची हातातली यंत्रं आहेत, पोरं ज्यांना कंट्रोलर म्हणतात ती. सगळ्यात वर बिनवायरचा, तळहातात गुबगुबीत बसणारा, दोन स्टिकांचा. त्याच्याखाली शिंगांसारख्या मुठी फुटलेला एक, तो गेममध्ये आपटलं की थरथरायचा. त्याच्याखाली चपटा, साबणाच्या वडीएवढा, चार बाणांचा आणि चार बटणांचा. तो खेळून अंगठ्याला घट्टे पडायचे. आणि तळाला पहिली, काळी, वीतभर उंच जॉयस्टिक. तिला पंधरा पिनांचा प्लग, दोन बाजूंना दोन स्क्रू, बुडाला चार रबरी वाट्या. दुकानात येणाऱ्या पोरांना मी सांगते की ही उतरंड नीट बघा. आधी अख्खा हात लागायचा, खांद्यापासून. मग मनगट, मग दोन अंगठे, आता अंगठ्याचं टोक टेकलं तरी पुरतं. माणसाचं शरीर असं हळूहळू रजेवर गेलं. पोरं हो म्हणतात आणि विचारतात, आंटी, आमचा कधी देणार? आंटीच्या ज्ञानाची गावात एवढीच किंमत आहे.

तर ती काळी जॉयस्टिक. ती आली तेव्हा मी नुकती कॉलेजात जायला लागले होते. आमचं घर खाडीच्या काठावर, दिघीपासून फार लांब नाही. अब्बा गल्फमध्ये होते आणि दर दोन वर्षांनी त्यांच्याबरोबर दोऱ्यांनी आवळलेली खोकी यायची. आधीच्या फेरीला त्यांनी कम्प्युटर आणला होता. तो बाहेरच्या खोलीत सनमायकाच्या टेबलावर बसवला आणि अम्मानं त्याला भरतकामाची चादर घातली. चादर काढायला तिची परवानगी लागायची. पुढच्या फेरीला दुधाच्या पावडरीचे डबे, टाल्कम पावडर आणि दोन ब्लँकेटं यांच्या मधोमध ही जॉयस्टिक निघाली. अब्बांना दुकानदारानं सांगितलं होतं की कम्प्युटर घेतलात तर हीही घ्यावी लागते. अब्बांचा जगातल्या सगळ्या दुकानदारांवर विश्वास. अम्मानं ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "हिच्यात कायतरी दळायचं असतं काय?"

रबरी वाट्या टेबलाला चिकटल्या की जॉयस्टिक हलत नाही, असं खोक्यावरच्या चित्रात होतं. आमच्या टेबलाला त्या चिकटेनात, कारण अम्मा तो सनमायका खोबरेल लावून पुसायची. पाणी लावून पाहिलं, थुंकी लावून पाहिली. शेवटी ती चिकटली परातीच्या पाठीला, पण अशी की परत निघेना. आठ दिवस आमच्याकडे भाकरीचं पीठ ताटात मळलं जात होतं. मग अम्मानं हार मानून नवी परात घेतली, आणि जुनी परात जॉयस्टिकसकट कम्प्युटरची झाली. खेळणाऱ्यानं जमिनीवर मांडी घालायची, परात मांडीवर पालथी घ्यायची आणि वर बघून खेळायचं. आजकाल खेळायच्या खास खुर्च्या मिळतात, त्यांच्या जाहिराती बघितल्या की मला ती परात आठवते.

दुसरी भानगड म्हणजे तिची दिशा लावून घेणं. गेम दर वेळी सुरू करताना पडद्यावर इंग्रजीत हुकूम यायचे. मूठ पार डावीकडे न्या आणि बटण दाबा. आता पार उजवीकडे न्या आणि बटण दाबा. आता मध्ये सोडा. त्या यंत्राला स्वतःचं डावं-उजवं ठाऊक नसायचं, ते रोज आपण शिकवायचं. हे काम माझ्याकडे होतं, कारण घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. अम्मा सांदणं वाफवता वाफवता दारातून हे बघायची आणि म्हणायची की डॉक्टर पण असंच करतो, डावीकडं बघ, उजवीकडं बघ, मग गोळ्या देतो.

आता मामूबद्दल सांगते. हसनमामू अम्माचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, जेवायला कायम आमच्याकडे. खाडीवर आमच्या गावातून पलीकडच्या गावाला तर होती, म्हणजे माणसं पार करणारी होडी, आणि मामू तिचा तांडेल. माणसं, कोंबड्या, सायकली, एकदा तर नवरी आणि तिचं कपाट त्यानं एका खेपेत पलीकडे नेलं होतं. तीस वर्षांत त्याच्या होडीत कुणाची चप्पलसुद्धा भिजली नाही, असं तो सांगायचा. चपला भिजायच्या. पण सुकाणूवर तो बसला की बघत राहावं असं होतं. दोन बोटं मुठीवर, नजर पलीकडच्या धक्क्यावर, तोंडात बडीशेप. ओहोटी लागली की चिखल उघडा पडायचा आणि तर बंद व्हायची, मग मामू आमच्याकडे. त्यामुळे आमच्या घरी गेम खेळायची वेळ खाडीतलं पाणी ठरवायचं. इतर घरांत आया अभ्यासाचं विचारायच्या, आमच्याकडे विचारायचे, ओहोटी कितीला?

कम्प्युटरवर एकच गेम होता, मोटरबोटीचा. पाण्यात लाल-पिवळी पिंपं तरंगत असायची, त्यांच्यामधून बोट काढायची. मामूला वाटलं की हे तर आपलंच खातं. पहिल्या दिवशी त्यानं हात धुतले, परात मांडीवर घेतली, बिस्मिल्ला म्हणाला आणि बोट पहिल्याच पिंपावर घातली. दुसऱ्यांदा दगडावर. तिसऱ्यांदा किनाऱ्यावर झोपलेल्या माणसांच्या अंगावर.

"बाय, तुझी मशीन खोटी हाय," तो मला म्हणाला.

"मामू, डावीकडे जायचं तर मूठ डावीकडे करायची."

"कोन म्हनतो?"

"सगळे."

"सगळ्यांनी होडी हाकलीय काय? होडी डावीकडं घालवायची तर मूठ उजवीकडं. ह्ये आमच्या कोंबड्यांना पन म्हायत हाय."

त्याचं बरोबर होतं. होडीच्या मागच्या सुकाणूची मूठ उजवीकडे ढकलली की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, डावीकडे वळते. तीस वर्षं त्याच्या हातात ते मुरलं होतं. ही जॉयस्टिक बनवणारी माणसं कुठल्या थंड देशात बसली होती देव जाणे, होडीत ती बसली नव्हती हे नक्की. मामू चार दिवस खेळला, चार दिवस आपटला, आणि पाचव्या दिवशी रुसून आमच्याकडे जेवायलाच आला नाही. अम्मानं डब्यात भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण बांधून माझ्या हाती दिलं, आणि ते मी त्याच्या होडीवर पोचवून आले. त्यानं डबा घेतला, माझ्याकडे बघितलं नाही.

सहाव्या दिवशी तो आला, सहज आल्यासारखा. मी गेम सुरू करून दिशा लावत होते, तेवढ्यात अम्मा परसातून ओरडली की मांजर वाळत घातलेली सुकट नेतंय. मी मान तिकडे वळवली आणि गडबडीत डावं म्हटलं तिथे उजवीकडे आणि उजवं म्हटलं तिथे डावीकडे नेऊन बटणं दाबली. बिचारं मशीन, त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. मांजर हाकलून मी परत येते तर मामूची बोट पिंपांमधून सुईतून दोरा जावा तशी चालली होती. सहा पिंपं, बारा पिंपं, आणि पडद्यावर सोन्याचा कप. मामूनं परात बाजूला ठेवली, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "शिकली बघ तुझी मशीन."

काय झालंय ते माझ्या लक्षात आलं होतं. मी बोलले नाही. त्याचा चेहरा मी इतका खूश कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तो परत रुसायला नको होता. त्या दिवसापासून मी रोज दिशा उलटी लावायला लागले. मामू रोज कप जिंकायचा. बाजारात, मशिदीच्या ओट्यावर, होडीतल्या प्रवाशांना, सगळ्यांना सांगायचा की कम्प्युटर म्हणजे काय, आपलं पाणीच ते.

आणि मग फेरीबोट आली. गाड्या, टेम्पो, माणसं सगळं एकदम पार नेणारी, लोखंडी, पुढे उघडणारं फळकूट असलेली. एका व्यापाऱ्यानं ती आणली होती आणि तर आता बंद होणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. गावाच्या मान्यवरांनी रदबदली केली, तेव्हा ठरलं की जुन्या तांडेलाला आधी संधी द्यायची. त्यानं फेरी एकदा पार नेऊन धक्क्याला लावून दाखवावी. जमलं तर नोकरी त्याची, नाही तर मुंबईहून माणूस आणतील. फेरीवर पाटील नावाचे इंजिनिअर होते, भला माणूस. मामू त्यांना भेटायला गेला आणि विचारलं की सुकाणू कुठं हाय? पाटलांनी केबिनमधली बोटभर उंचीची मूठ दाखवली. "मामा, ही हलवायची. घाबरायचं काही नाही. पोरांच्या कम्प्युटरला जॉयस्टिक असते ना, डिट्टो तशी चालते."

मामू त्या दिवशी भजी घेऊन घरी आला. "आपा," तो अम्माला म्हणाला, "नोकरी लागली समज. त्यांची मूठ आपल्या परातीसारखीच हाय." अम्मानं दुवा मागितली. हातातलं भजं मी परत कागदावर ठेवलं.

फेरीच्या परीक्षेला बारा दिवस होते. मी ठरवलं की मुकाट्यानं दिशा सरळ लावायची, सवय होईल त्याची, त्याला काही कळणारही नाही. दुसऱ्या दिवशी सरळ लावली. मामू पहिल्याच पिंपावर गेला. परत खेळला, परत गेला. मग त्यानं उजवा हात डोळ्यांपुढे धरला आणि उलटासुलटा करून बघितला. "आपा, माझ्या हाताला कायतरी झालंय," तो हळूच म्हणाला. अम्मानं मिरच्या ओवाळून नजर काढली, चुलीत टाकल्यावर त्यांचा ठसका उठला नाही म्हणजे नजर जबर होती. दुसऱ्या दिवशी हकिमाचा काढा. तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखाना, तिथे डॉक्टरनं रक्तदाब तपासला आणि मीठ बंद केलं. खाडीकाठच्या माणसाला अळणी कालवण. मामूचं तोंड इतकंसं झालं. रात्रीत म्हातारपण आलं असं वाटून त्यानं अम्माला सांगितलं की मला काय झालं तर होडी अमक्याला द्या. मला ते बघवेना. चौथ्या दिवशी मी दिशा परत उलटी लावली. मामू जिंकला, काढ्याचं नाव झालं, आणि हकीमसाहेबांकडे आजूबाजूच्या गावांतून हात दुखणारी माणसं यायला लागली.

आता माझं मला कळेना. सांगावं तर त्याचे सगळे कप खोटे होतात. न सांगावं तर तो फेरी धक्क्यावर घालतो, आणि पुन्हा कधी कुठल्या सुकाणूला हात लावायची त्याला कुणी परवानगी देणार नाही. मी सोळा वर्षांची होते आणि मामूची सगळी इज्जत माझ्या दोन खोट्या बटणांवर उभी होती. रोज सांगायचं ठरवायची आणि रोज तो जिंकून हसायचा. परीक्षेच्या दिवशी सकाळी अम्मानं त्याला ईदचा सदरा घातला, अत्तर लावलं, घावणे खायला घातले. माझ्या ताटातले घावणे तसेच राहिले. अम्मानं मला कोपऱ्यात घेतलं, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं कपाळावर हात मारला नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्याकडं काय बघतंस? जा, त्याला गाठ."

धक्क्यावर अर्धं गाव जमलं होतं. मी मामूला फेरीच्या फळकुटावर गाठलं आणि एका दमात सांगितलं. मांजर, सुकट, बटणं, काढा, सगळं. मामू माझ्याकडे बघत राहिला.

"म्हंजे माझा हात बरा हाय?" त्यानं विचारलं.

"बरा आहे, मामू."

"आनी ते कप?"

मी खाली बघितलं. तो केबिनमध्ये गेला आणि मी त्याच्यामागे गेले, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. आत पाटील होते. मामूनं त्यांना अगदी गंभीरपणे विचारलं, "सायेब, ह्या मुठीला उलटं करायची काय सोय हाय काय? आमच्या बायला येते."

"उलटं?" पाटील म्हणाले. "नाही हो मामा."

मामूनं मुठीकडे बघितलं, समोरच्या पाण्याकडे बघितलं. मूठ होती तशीच राहणार होती. मग तो स्वतःच फिरला. नाळेकडे पाठ केली, तोंड मागच्या धक्क्याकडे, हात मुठीवर. "मानूस फिरला की डावं-उजवं फिरतं," तो मला म्हणाला. "मला पुढचं दिसनार न्हाय. ते तू बघ. धुक्यात नाळेवर पोर बसवतो ना आमी, तशी पुढं बघून सांग. डाव्या म्हन, उजव्या म्हन, सरळ म्हन. बटनं दाबू नको."

पाटलांनी आक्षेप घ्यायला तोंड उघडलं, पण मग इंजिन बंद करायच्या कळीवर एक हात ठेवून ते उभे राहिले. मी सांगत गेले. डाव्या. सरळ. थोडं उजव्या. मामूची दोन बोटं मुठीवर आणि ती अवजड लोखंडी फेरी खाडीतून नीट चालली. धक्क्यावरच्या लोकांना केबिनच्या मागच्या काचेतून मामूचं तोंड दिसत होतं. ते समजले की मामू आपल्याकडेच बघतोय, म्हणून सगळे हात हलवायला लागले, आणि मामूचे हात गुंतलेले, म्हणून तो मान हलवत होता. एका म्हातारीनं तर तो हजला निघाल्यासारखा त्याला दुरून सलाम केला. पलीकडचा धक्का जवळ आला तसा मी जीव मुठीत धरून म्हणाले, सरळ, सरळ, बस. फळकूट टेकलं तेव्हा केबिनमधला पाटलांचा चहा हलला, सांडला नाही.

पाटलांनी तो चहा एका घोटात संपवला. "मामा, तीस वर्षांत असं कुणी केलेलं बघितलं नाही," ते म्हणाले. "पाणी तुम्हाला कळतं, त्यात वाद नाही. पण असं तोंड फिरवून मी रोज गाड्या नेऊ देणार नाही. एक महिना देतो, मी शेजारी उभा राहीन. महिन्यानं पुढे बघून चालवायची. नाही जमलं तर मग मुंबईचा माणूस."

मामू हो म्हणाला. परतीला फेरी पाटलांनीच आणली आणि मामू माझ्याकडे पाठ करून कठड्याशी उभा राहिला. मला वाटलं, संपलं. आता हा आमच्याकडे जेवायला यायचा नाही. संध्याकाळी ओहोटी लागली आणि मी चादर न काढताच कम्प्युटरपुढे बसले होते, तर दारात मामू. त्यानं स्वतः चादर काढली, घडी केली, परात मांडीवर घेतली.

"लाव," तो म्हणाला.

"कशी लावू?"

"सरळ लाव. हरू दे मला."

तो महिनाभर हरला. रोज पिंपांवर, दगडांवर, त्या झोपलेल्या माणसांवर. मला हसू यायचं आणि मी हसत नव्हते, तर एक दिवस तोच म्हणाला की हस, ती मानसं पन आता कटाळली असतील. तीन आठवडे उलटल्यावर त्याची बोट पहिल्या दोन पिंपांमधून गेली. कप त्याला कधीच मिळाला नाही. पण महिना भरला त्या दिवशी त्यानं पुढे बघत फेरी पार नेली, आणि पुढची सतरा वर्षं नेत राहिला. त्या महिन्यात माझा मामू मला जेवढा मोठा दिसला तेवढा कप जिंकताना कधी दिसला नव्हता, हे मी त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

आता कुठल्याही गेममध्ये सेटिंगला जा, दिशा उलटी करायचा पर्याय असतो. पोरं मला विचारतात की हे कुणासाठी ठेवलंय? मी सांगते, एक माणूस मला ठाऊक आहे. मामूच्या शेवटच्या वर्षांत त्याचा हात खरोखरच थरथरायला लागला होता. माझा मुलगा अयान तेव्हा दहा वर्षांचा. त्यानं नवा बिनवायरचा कंट्रोलर आणला आणि मामूच्या, म्हणजे त्याच्या नानांच्या, हातात दिला. मामूनं तो वजन करून बघितला, अंगठा स्टिकवर टेकवला आणि विचारलं की परात कुठाय? अयाननं पडद्यावर बोटीचा गेम लावला.

"नाना, सरळ ठेवू की उलटं?"

मामूनं माझ्याकडे बघितलं. तोंडात बडीशेप होती, ती त्यानं सावकाश चावून गिळली.

"उलटं ठेव," तो म्हणाला. "आता परीक्षा न्हाय."